दात्याचं पोट

मी शिंपी. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच त्याच्या कमरेचा अंदाज बांधतो आणि तो सहसा चुकत नाही. स्वतःच्या कमरेला मात्र कधी टेप लावली नाही. पॅन्ट घट्ट झाली की मागची शिवण उसवायची, आत दुमडलेलं जादा कापड सोडायचं, झालं काम! पोट सुटल्याचं इतरांना त्यांचे कपडे सांगतात. माझ्या कपड्यांची मी बोलतीच बंद केली होती.

थोरल्या बहिणीच्या किडन्या निकामी झाल्या, ती डायलिसिसवर गेली. तेव्हा सगळ्यांसमोर मी छाती ठोकून म्हणालो, "ताई, काळजी कशाला? माझी एक घे!" छाती म्हणून मी पोटच ठोकलं, असं भाऊजी नंतर म्हणाले.

तपासणीला कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. डॉक्टरीणबाईंनी कमर मोजून आकडा सांगितला. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही टेप नीट धरली नाहीत." त्यांनी शांतपणे टेप माझ्या हातात दिली. मी मोजलं आणि मुकाट्याने खाली बसलो.

मग रिपोर्ट आले. रक्तदाब थोडा जास्त, साखर थोडी जास्त, रक्तातली चरबीही थोडी जास्त.

"थोडं थोडंच आहे की," मी म्हणालो.

"एकेकटं असतं तर वेगळं होतं. पोटाचा घेर आणि हे सगळं एकत्र आलं की किडनीला लवकर त्रास सुरू होतो आणि दुखत काहीच नाही. तुमच्या लघवीतून प्रथिनं जायला लागलीत. ही सुरुवात आहे, अजून आवरता येईल. मीठ कमी करा, वजन उतरवा, औषधं घ्या. पण किडनी देता येणार नाही."

दानशूर म्हणून गेलो आणि पेशंट होऊन परत आलो. भाऊजींना तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

ताईला सांगायला गेलो तेव्हा ती डायलिसिसच्या खुर्चीत होती, एका हाताला नळ्या लावलेल्या. मी आपला विनोद करत करत सांगितलं, की तुझ्या भावाचा माल खराब निघाला. ती हसली नाही.

"मला किडनी मिळेल, नाहीतर नाही मिळणार," ती म्हणाली. "तू तुझ्या दोन सांभाळ. या शेजारच्या खुर्चीत तू बसलेला मला बघवणार नाही."

तिचा मोकळा हात धरून मी लहान पोरासारखा रडलो, आणि समजूत काढत बसली तीच.