मुंग्यांनी पास केलेली पेटी

आमच्या कारखान्यात मुंगी मारायची नाही, हा आजोबांच्या वेळेपासूनचा नियम. धर्मबिर्म काही नाही त्यात. मुंग्या आमच्याकडे कामाला आहेत.

केडगावात आमची पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही संग्रहालयांसाठी काचेच्या पेट्या बनवतो. आजोबा आधी देवांच्या तसबिरींना काचा बसवायचे. एकदा एका शाळेने जुन्या पोथीसाठी त्यांच्याकडून पेटी करून घेतली आणि महिन्याभरात आत मुंग्या! आजोबा इतके ओशाळले की हातगाडीवर घालून पेटी स्वतः परत घेऊन आले. तेव्हापासून आमच्याकडे गुळाची परीक्षा सुरू झाली. पेटीत वाटीभर गूळ ठेवायचा, कुलूप लावायचं, बाहेरून बुडाशी गुळाच्या पाण्याचं बोट फिरवायचं आणि पेटी दोन दिवस मागच्या अंगणात, चिंचेखाली ठेवायची. एक जरी मुंगी आत दिसली तरी पेटी नापास. ‘हवा दिसत नाही, मुंगी दिसते,’ असं आजोबा म्हणायचे. पुढे मोठ्या संग्रहालयांचे साहेब हवेची गळती मोजायची यंत्रं घेऊन यायला लागले. यंत्रंही पास म्हणायची, पण अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, भरवसा मुंग्यांवरच.

आई वैतागते. “लोक कुत्री पाळतात, आमच्याकडे मुंग्या!” असं म्हणते आणि गूळ मात्र स्वतःच फोडून देते.

गेल्या वर्षी अण्णांचे हात थरथरायला लागले. काच कापणाऱ्याचा हात थरथरला की संपलंच. पुण्याचा भाऊ म्हणाला, शेड भाड्याने देऊन टाका. मी भडकले. वीस वर्षं मी तिथे काचेचे काठ घासतेय, आणि हा फोनवरून निकाल देतोय! अण्णांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, “पुढची पेटी तुझी. मापापासून कुलपापर्यंत मी बोट लावणार नाही. जमली तर कारखाना तुझा. नाही जमली तर शेड भाड्याने.”

ती पेटी होती संगमनेरच्या एका छोट्या संग्रहालयाची. आत ठेवायचं होतं कोल्हारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पणज्याचं जरीचं पागोटं. म्हातारबाबा ते द्यायलाच तयार नव्हते. मी माप घ्यायला गेले तेव्हा ते पागोटं मांडीवर धरून बसले होते. “पोरी, आमच्या घरात चार पिढ्या जपलंया ह्ये. तुज्या पेटीत किडामुंगी न्हाई ना जायची?” मी फुशारकीने सांगितलं, “बाबा, मुंगी गेली तर पेटी तुमच्यासमोर फोडीन.” जीभ आवरत नाही माझी, काय करणार!

महिनाभर राबले. रबरी पट्टी दोनदा उखडून परत बसवली. मग गूळ, कुलूप, चिंच. दोन दिवस मी खुर्ची टाकून पेटीसमोर बसले. बाहेर मुंग्यांची ही झुंबड, आत एकही नाही! मला इतका आनंद झाला की मी अंगणात एकटीच नाचले. लगेच पेटी गोधड्यांत गुंडाळली, टेम्पोत चढवली आणि संगमनेरला पोचवली. संग्रहालयाच्या मॅडमनी आतल्या लाकडी पाटावर पागोटं मांडलं, मी कुलूप लावलं.

आठवड्याने उद्घाटन होतं. अण्णा आणि मी ठेवणीतले कपडे घालून गेलो. फीत कापायला पाहुणे यायचे होते. म्हातारबाबा आधीच पेटीपाशी उभे होते. आम्हाला बघून ते ओरडलेच, “आवं, ह्या मुंग्या बगा!”

पेटीच्या बुडाशी चारी बाजूंनी मुंग्यांची काळी रांग लागली होती. गुळाचं पाणी पुसायचं राहिलं होतं! मॅडम कपाळाला हात लावून उभ्या. अण्णा माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, “पाणी पुसलं नाहीस. वाटी तरी काढलीस ना?”

वाटी पागोट्याच्या पाटाखालीच होती. आईची स्टीलची वाटी, तिचं नाव कोरलेली, गुळासकट. नाचायच्या नादात मी ती साफ विसरले होते.

आता अण्णा काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. शेड भाड्याने. डोळ्यांत पाणी आलं, पण लोकांसमोर रडायचं नाही म्हणून ओठ चावून उभी राहिले. अण्णा मात्र गुडघ्यांवर बसले. खिशातली बॅटरी काढली आणि रांगत रांगत पेटीभोवती एक पूर्ण फेरी मारली. थरथरत्या हातात बॅटरीचा उजेड नुसता नाचत होता. मग त्यांनी बॅटरी म्हातारबाबांच्या हातात दिली.

म्हातारबाबांनी काचेला नाक लावलं. चारी कोपरे बघितले.

“आत येक बी न्हाई,” ते म्हणाले.

“बाबा, आत गूळ आहे,” मी बोलून टाकलं. “वाटीभर. आठ दिवस झाले. माझ्याकडून राहिला.”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग असे खदखदून हसले की मॅडमही हसायला लागल्या. “आरं तिच्या! आत गूळ आसून मुंगी जाईना, मंग माज्या पागोट्याला कसलं भ्या?”

मी ओल्या फडक्याने बूड पुसून घेतलं. किल्ली अण्णांपुढे धरली, तर त्यांनी हात मागे घेतला. “तू उघड. पेटी तुझी आहे.”

मी पागोटं अलगद उचलून म्हातारबाबांच्या ओंजळीत दिलं, पाट सरकवला आणि वाटी बाहेर काढली. अण्णांनी ती माझ्या हातून घेतली, गुळाचे खडे केले आणि एक म्हातारबाबांच्या तोंडात घातला, एक मॅडमच्या हातावर ठेवला.

“तोंड गोड करा,” अण्णा म्हणाले. “आजपासून कारखाना पोरीचा.”

मग मात्र मी रडले, अगदी हुंदके देऊन, भर लोकांत. अण्णांनी बाकीचे खडे जमलेल्यांना वाटले, शेवटचा मला भरवला आणि रिकामी वाटी माझ्या हातात कोंबली.

“मालकीणबाई, ही तेवढी घरी न्या. तुमची आई आठ दिवस शोधतेय.”