भोप्यांचा वाटा

रेवसच्या अलीकडे, खाडीकाठच्या आमच्या खारपाटात जनी मोकल राहायची. तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली तरी पुरे: ती आयुष्यभर मेलेल्या माणसांच्या नावाला ओ देत आली.

हसू नका. मी भूतखेत मानत नाही. चार गावांच्या सभांत माइकवर सांगितलंय, मांत्रिकाच्या दारात उभं राहूनही सांगितलंय. तरी ऐका.

गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी अडवायला मातीचा बांध, आणि त्याची राखण जोळाने, म्हणजे सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून. ज्याचं जेवढं शेत तेवढा त्याच्या वाट्याचा बांध. उधाणाला बांध फुटला की गाव चिखलात उतरतं आणि जोळाचा म्होरक्या बुधाजी एकेका घराण्याचं नाव पुकारतो. ज्याचं नाव त्याने "हाय" म्हणायचं आणि पाण्यात पहिला चिखल टाकायचा. ओ आली नाही तर तो वाटा उघडा राहतो, आणि तिथून शिरलेलं खारं पाणी शेत कुणाचं ते विचारत नाही.

या पुकाऱ्यात एक नाव भोप्यांचं. गावात भोपी नाहीत. माझ्या आजानेही पाहिले नव्हते. बुधाजीचा बाप पुकारायचा म्हणून बुधाजी पुकारतो. "भोपी!" की गुडघाभर चिखलातून जनीकाकी ओरडणार, "हाय!" तिच्याआधी तिची सासू ओरडायची. लगेच पुढचं नाव "मोकल!" त्यालाही हीच. नवरा गेलेला, मुलगी हेमाली उरणला दिलेली. एकटी बाई दोन वाटे बांधायची.

एकदा मी विचारलं, "काकी, दुसऱ्याचं ओझं कशाला?"

"त्यांचा वाटा उघरा रायला तं माजाच भात बुरल ना रं, शान्या." मग आवाज उतरवून म्हणाली, "आनी त्या वाट्यावर मी एकटी नसतंय. मागशी कोनतरी चिखल देतंय हातात."

"वय झालं तुझं."

"जल्ला तुजा तोंड," म्हणाली आणि कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडायला बसली.

मग जमिनी घेणारा प्रकल्प आला. मोकलांचं बारकं शेत मोजणीच्या रेषेबाहेर राहिलं, पण जनीकाकीचं घर भोप्यांच्या जमिनीवर. सासऱ्याच्या बापाने कधीतरी बांधलेलं. भोप्यांच्या वारसाने हरकत घेतली तर घर वगळलं जाणार; वारस उभा राहिला नाही तर जमीन सरकारजमा आणि घर अतिक्रमण. म्हणजे घर वाचवायचं तर जनीकाकीला भोप्यांची वारस ठरवायला हवं.

मी सातवी नापास. पण सातबारा वाचायला मला वकील लागत नाही. जुने फेरफार काढले. ज्या क्लार्कने "उद्या या" म्हटलं त्याच्या टेबलासमोर डबा उघडून जेवायला बसलो. संध्याकाळच्या आत कागद मिळाले. मोडी वाचायला पेणचे एक म्हातारे मास्तर धरले.

विचित्र घराणं. मागे जाल तसं मोठं होत जाणारं. शेवटचा भागोजी भोपी, त्याच्या नावावर एक खाचर. त्याच्या आजाच्या नावावर सात. त्याच्याही मागे, मोडी कागदांत, अर्धा बांध भोप्यांचा. आणि सगळ्यात मागे बांधाच्या टोकाचा दगड. वर चंद्रसूर्य, खाली बाई आणि गाढव. आम्ही शेंदूर फासून त्याचा देव केलेला. मास्तर म्हणाले, हा गधेगाळ, शिलाहारांच्या वेळचा असावा. दिलेली जमीन जो बळकावील त्याच्या आईला शिवी. अक्षरं झिजलेली. 'खार' आणि 'दिले' एवढं लागलं. कुणाला दिले, नेमका तिथेच दगडाचा टवका उडालेला.

त्या खळग्यात बोट घातलं तेव्हा पहिल्यांदा मला कसंतरी झालं. वाटलं, बांधावरून माणसांची एक रांग पुढे चाललीय, मला फक्त पाठी दिसतायत. हाका मारतोय, कुणी वळत नाही.

भागोजीच्या नंतर एकच ओळ होती. एक मुलगी, लग्न झालेली. तिचं नाव नाही, सासरचं गाव नाही.

मी पळतच जनीकाकीकडे गेलो. "मोकलांकडेच दिली असणार! नाहीतर तुझी सासू कशाला ओ देत होती? प्रतिज्ञापत्र कर. साक्षीदार मी उभे करतो."

"आसंल," ती म्हणाली. "नसंल बी."

"ते कोण विचारतंय? सुनावणीत नाव पुकारतील तेव्हा 'हाय' म्हण, बाकी मी बघतो. तेवढं तर येतं ना तुला?"

 ती सुनावणीला आली, धुतलेलं लुगडं नेसून.

दुपारी साहेबांच्या शिपायाने पुकारा केला. "भागोजी भोपी! वारस हजर?"

मी तिला कोपराने ढोसलं. पुन्हा पुकारा झाला. जिचा आवाज खाडीपलीकडे जायचा त्या बाईने ओठ घट्ट मिटलेले. डोळे मात्र दारावर, कुणी येतंय का बघत असल्यासारखे.

"कोणी नाही," साहेबांनी लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात माझं डोकं सणकलं. "एक शब्द, काकी! जन्मभर ओरडतेस तोच! घर गेलं तुझं!"

"वरडू नुको." तिने पदराने तोंड पुसलं. "बांधावर त्यांचा काम करतंय म्हनून त्यांचा नाव घेतंय. हितं त्यांची जमीन घ्याची व्हती."

"अगं, मेलेत ते!"

"मंग? मेलेल्याचा घेतला तं चोरी नाय?" मग म्हणाली, "चाय पाज. घसा सुकलाय."

मी पाजली. बोललो मात्र नाही. महिनाभर नाही.

घर पाडलं. तिने शेताच्या कडेला ताडपत्रीची खोपी बांधली. हेमाली न्यायला आली, तर "उधान येल, वाटा कोन बांधंल?" म्हणून गेली नाही. थंडीत, त्या खोपीतच, गेली. हेमाली आली, दिवस करून परत उरणला गेली.

या श्रावणात बांध फुटला. भर दुपारचं उधाण. सगळं गाव चिखलात. बुधाजी नावं घेत घेत तिथवर आला आणि सवयीने ओरडला, "भोपी!"

 जो तो आपापल्या पायांकडे बघत होता. त्या तुकड्यातून खाडी आत येत होती, तपकिरी, घाई नसल्यासारखी.

"भोपी हायत का रं?" बुधाजीचा आवाज फाटला.

माझं शेत नाही, बांधावर माझा वाटा नाही. मी नुसता बघायला गेलो होतो.

"हाय!" मी म्हणालो आणि उतरलो. पहिला चिखल टाकला. दुसऱ्यासाठी हात मागे केला तर तो हातात आला. थंड, भरलेला. मी वळलो नाही.

वर बुधाजीने पुढचं नाव घेतलं.

"मोकल!"