न बदलता बदललेली फाइल

इथले अनुभव मी नियमित वाचतो आणि बहुतेकांवर मनातल्या मनात शेरे मारतो – जागरण, जुनी वायरिंग, मांजर. त्यामुळे माझ्या गोष्टीवर तुम्ही शेरे मारलेत तर तक्रार नाही. माझा असल्या प्रकारांवर विश्वास नव्हता. आजही नाही. अडचण एवढीच, की हे माझ्याच हातून घडलं...

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. तुर्भ्याला, कारखान्यांच्या रांगेत, रंगाच्या एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. खाली रंगाची पिंपं, वर आम्ही नऊ जण आणि युनिक्सचं एक मशीन. मशीनला एसी, आम्हाला पंखा. आम्ही व्हर्जन कंट्रोल सिस्टीम बनवत होतो. म्हणजे असं – तुमच्या फाइलची मूळ प्रत ती जपून ठेवते, आणि विचारलं की कामाच्या प्रतीशी ताडून सांगते : तशीच, बदललेली, नवीन, की हरवलेली. यादी इंग्रजीत यायची, मी मराठीत सांगतोय. ती यादी खरं बोलते का, हे तपासणं माझं काम. बारा फाइली घ्यायच्या, एखादी बदलायची, एखादी उडवायची, काय उत्तर यायला हवं ते आधी कागदावर लिहून सही करायची आणि मग कमांड द्यायची. तो कागद आमचे रांगणेकरसाहेब पाकिटात बंद करून ठेवत आणि सगळ्यांसमोर कात्रीने पाकीट उघडत. चेहरा असा, की आत मृत्युपत्र असावं.

फाइलमध्ये काहीतरी मजकूर लागतो. आम्ही हाताला येईल ते भरायचो – बसचं टाइमटेबल, वाण्याची यादी. बारावी फाइल ऑपरेटर म्हात्रेंनी भरली. ते खाडीकडच्या गावातले. त्यांची शेतं नव्या शहरात गेली होती, त्यांवर आता सेक्टर होते. वडिलांना विचारून आणलेली सात शेतांची नावं त्यांनी रोमन अक्षरांत टाइप केली. वडाचा खार, तीनबांधी, आजीचा तुकडा...

"कुटं लिवलेली नव्हती," ते म्हणाले. "आता मशीनमदी तरी राहतील."

दुसऱ्या आठवड्यात ती फाइल 'बदललेली' दिसायला लागली. एक ओळ बदललेली. मूळ प्रतीशी ताडून पाहिलं – एका अक्षराचाही फरक नाही. मला आनंद झाला. दोष सापडला की टेस्टरचा सण असतो. वहीत तारीख टाकून नोंद केली. चार दिवसांनी दोन ओळी. मग तीन. फाइल तीच, फरक शून्य, बाकीच्या अकरा फाइली शहाण्यासारख्या.

"म्हात्रे, तुम्ही हात लावता का हिला?"

त्यांनी माझी वही ओढून तारखा वाचल्या. बराच वेळ वाचल्या.

"बाबा काल आजीचा तुकडा इसरले," ते म्हणाले. "त्याच्या आदी तीनबांधी. सगल्यात पयला वडाचा खार."

"वय झालं की होतं तसं."

"होतं ना. पन तुमच्या तारखा बघून होतं?"

मी वही परत घेतली.

"दिघे, जुनी परत आनता येते ना हिच्यात? मग आना की."

"अहो, दोन्ही प्रती सारख्याच आहेत. आणून होणार काय?"

"काय नाय होनार, तर तुमचं काय जातंय?"

मी मूळ प्रत पुन्हा उतरवली. यादी म्हणाली – तशीच.

सकाळी म्हात्रे जिन्यातच भेटले. "सातच्या सात सांगितली. वर मलाच म्हनतात, काय रं, इसरलो वाटलं का तुला?"

मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसांचे असे चांगले दिवस असतात. तरीही रोज संध्याकाळी निघताना आम्ही ती फाइल परत उतरवायला लागलो. जवळजवळ तीन आठवडे. वहीत मी त्याला 'देखभाल' असं नाव दिलं होतं. बाबांनी एकदा माझ्यासाठी सुकट पाठवली. आमच्या घरात ती चालत नाही, हे मी म्हात्रेंना सांगितलं नाही.

मग परदेशी पाहुणे यायचे ठरले. हार आले, मशीनपुढे फोडायला नारळ आला, पाणी उडेल म्हणून तो जिन्यात फोडायचं ठरलं. रांगणेकरांनी तयारीचा आढावा घेतला.

"ही बारावी फाइल विनाकारण बदललेली दाखवते. पाहुण्यांसमोर नको. काढून टाका, मूळ प्रतीसकट, इतिहासासकट."

"साहेब, ती म्हात्रेंची आहे."

"दिघे, टेस्ट फाइल कुणाची नसते."

म्हात्रे गाडीबरोबर विमानतळावर गेले होते. माझ्याकडे तासभर होता. थांबता आलं असतं. फाइल दुसरीकडे हलवता आली असती. पण त्यासाठी कारण द्यावं लागलं असतं, आणि माझ्याकडचं एकमेव कारण मलाच मान्य नव्हतं. मी कमांड दिली. मशीनने विचारलं – नक्की? मी म्हटलं – नक्की.

यादी चकाचक आली. कात्री चालली, टाळ्या झाल्या. मागे उभ्या असलेल्या म्हात्रेंनी बोटाने ओळी मोजल्या. अकरा. पाहुण्यांचा चहा व्हायच्या आत ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना प्रिंटआउट आणला आणि सातही नावं पुन्हा टाइप केली. तीच अक्षरं, तोच क्रम. मी कमांड दिली. बारावी ओळ आली – नवीन.

मशीनचं बरोबर होतं. मूळ प्रत नाही, मागचं काही नाही; मजकूर तोच असला तरी त्याच्या लेखी ती फाइल आजच जन्माला आलेली. बॅकअपची टेप शोधली. ती पाहुण्यांच्या कार्यक्रमासाठी पुसून वापरली होती. रजिस्टरमध्ये सही माझी.

पुढे मी डॉक्टरांना विचारलं, माझ्यापेक्षा हुशार इंजिनियरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, योगायोग. इंजिनियर म्हणाले, बग. दोघांचंही मला पटतं, आणि दोन्हींनी काही सुटत नाही. तो कोड मी ओळ न् ओळ वाचलाय. त्यात चूक नव्हती.

नावं पुन्हा टाइप केली त्या संध्याकाळी मी म्हात्रेंबरोबर त्यांच्या घरी गेलो होतो. बाबा ओट्यावर बसले होते. म्हात्रेंनी शेतांची नावं विचारली. त्यांनी सातही सांगितली – न अडखळता, क्रमाने, भिंतीवरचं टाइमटेबल वाचावं तशी. मग त्यांनी मुलाकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, आणि मायेनेच विचारलं,

"नवीन हायस का रं गावात? कोनाचा तू?"

म्हात्रेंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वडिलांच्या शेजारी बसले.

"हो बाबा," ते म्हणाले. "आजच आलो."