बेट माझं मीच निवडणार!

अंदमानातल्या त्या रिक्षावाल्याची काहीही चूक नव्हती, हे मी आधीच कबूल करते. मी त्याला भर दुपारी, जेट्टीवर, शंभर माणसांसमोर जे बोलले ते बोलायला नको होतं. पण मी तिथवर कशी पोचले ते ऐका, म्हणजे तुम्हीही त्याला थोडं बोलाल.

मी नवापूरला शाळेत भूगोल शिकवते. आमच्या ह्यांची, म्हणजे अशोकरावांची, गावाबाहेर पोल्ट्री आहे. कोंबडी हा जगातला सर्वांत नाजूक प्राणी आहे. तिला ऊन लागतं, थंडी लागते, फटाका वाजला की धक्का बसतो. बायकोला यातलं काही होत नाही. म्हणून सत्तावीस वर्षांत आम्ही मुक्कामी असे कुठेच गेलो नाही. लग्नाच्या वर्षी सापुताऱ्याला गेलो होतो, तर दुपारी हॉटेलवर फोन आला की शेडमधल्या कोंबड्या खात नाहीत. चहा अर्धा टाकून परत! (कोंबड्या रात्रीपर्यंत खायला लागल्या. मी आठ दिवस जेवले नाही, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.)

आणि समुद्र? पंचवीस वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूने समुद्र काढतेय. प्रवाळ, पुळण, कंकणद्वीप, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात पाहिला तो फक्त सुरतजवळचा डुमस. काळी वाळू आणि टोमॅटोची भजी! ह्याला काय समुद्र म्हणायचं?

यंदा दिवाळीच्या सुट्टीत योग जुळला. कोंबड्यांचा माल विकला गेला, शेड धुऊन झालं, चुना मारला, आता पंधरा दिवस ते रिकामंच ठेवायचं होतं. मी जाहीर केलं, "अंदमान. पांढऱ्या वाळूचं बेट. मी, तुम्ही आणि माय." माय म्हणजे माझ्या सासूबाई. वय शहात्तर, दात चार, मतं अगणित.

सुरतेला नोकरी करणाऱ्या आमच्या पूजाने विमानाची तिकिटं काढली आणि म्हणाली, "आई, हॉटेलपण मीच करते." मी म्हटलं, "नाही. बेट माझं, किनारा माझा, मीच निवडणार." सहा महिने फोनवर किनारे बघून मी एक वही भरली होती. वाळूचा रंग, पाण्याची खोली, झाडी, सगळे रकाने पाडून! एका संध्याकाळी ती वही घेऊन मी घरच्यांसमोर बसले, हीच माझी पहिली चूक.

"हा एलिफंट बीच," मी सुरुवात केली.

"तठे हत्ती शेतस का?" मायने विचारलं.

"आता नाहीत."

"मंग नाव कसाले ठेवं?"

"पूर्वी असतील, माय."

"हत्ती मरी गया आन् आपू जावानं? सुतकले?"

मी पान उलटलं. "हा काळापथ्थर बीच."

"काळा दगड देखाले इमानमा बसानं?" माय म्हणाल्या. "आपली नदीमा काय कमी शेतस? तापीना काठले जलम गया मन्हा. पानी देखाले इतलं लांब कसाले जावानं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मोबाइलमध्ये अंड्याचा भाव बघत होते. शेड रिकामं, अंडं एक नाही, तरी भाव बघत होते!

"अहो, तुम्ही तरी काही बोला."

"मगर शे म्हनतस तठे," हे म्हणाले. सहा महिन्यांतलं हे त्यांचं एकमेव संशोधन.

झालं! माझं डोकं फिरलं. आमच्या घरात बोलतात अहिराणी, मी एरवी साधी बोली मराठी, पण चिडले की पुस्तकी प्रमाण मराठीत शिरते. घरातल्यांना ही खूण पक्की ठाऊक आहे. मी म्हणाले, "मला आता कोणाचाही सल्ला नको आहे! मी राधानगर किनारा निवडलेला आहे आणि मी या क्षणी तिथे खोली नोंदवणार आहे!"

"'आहे' बोलाले लागनी," माय हळूच ह्यांना म्हणाल्या, आणि दोघंही उठून बाहेर ओट्यावर गेले.

रागातच मी फोनवर राधानगर टाइप केलं. अर्धं टाइप होतंय तोच खाली नावांची यादी आली. मी पहिलं नाव दाबलं. फोटो बघितला तर निळंशार पाणी, काठाला गर्द झाडी, एक होडी. वर लिहिलेलं 'लेक व्ह्यू'. क्षणभर शंका आली. मग माझ्यातली भूगोलाची शिक्षिका धावून आली. म्हटलं, प्रवाळाच्या आतलं शांत पाणी, म्हणजे खाजण! अडाणी लोक त्याला लेक म्हणत असतील. आणि मी खोली पक्की केली.

हे ओट्यावरून म्हणाले, "अवं, एकदाव पूजाले तरी दखाडी ले."

"गरज नाही!"

निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. मराठी माणूस! मला आनंदच झाला, म्हटलं बघा, आपली माणसं कुठे कुठे जाऊन पोचलीत. तो म्हणाला, "ताई, गव्याला जायचं असंल तर गाडी सांगून ठेवू का? पहाटंच जावं लागतंय."

मला ऐकू आलं गोव्याला. मी भडकलेच. "गोव्याला जायचं असतं तर मी गोव्यालाच गेले नसते का? आम्ही तुमच्याकडे येतोय ना? मग दुसरीकडे कशाला पाठवताय?"

"तसं न्हवं ताई, समद्यांस्नी बघायचा असतोय..."

"आम्हाला नाही बघायचा!" मी फोन ठेवला. ह्यांना म्हटलं, "कसे एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात बघा!" ह्यांनी नुसती मान डोलावली. सत्तावीस वर्षांत जेव्हा जेव्हा बोलायला हवं होतं, तेव्हा तेव्हा हे बोललेले नाहीत.

तर सुरतेहून विमान, मग दुसरं विमान, पोर्ट ब्लेअर, तिथून बोट. बोटीत मायला मळमळायला लागलं. शेजारी एक जाडजूड बंगाली बाई बसली होती. तिने मायची पाठ चोळली, लिंबू हुंगायला दिलं. माय तिच्याशी अहिराणीत बोलायला लागल्या, ती मायशी बंगालीत. दोन तास! मी मधे पडून हिंदीत भाषांतर करायला गेले, तर माय म्हणाल्या, "तू नको बोलू. आमले समजी ऱ्हायनं."

हॅवलॉक बेटावर उतरलो. मी रिक्षा केली, रिक्षावाल्याला हॉटेलचं नाव सांगितलं.

"ऐसा होटल इधर नहीं है, मॅडम."

"है! राधानगर में है!"

"राधानगर में मैं ही रहता हूँ."

"तो आप को अपना गाँव मालूम नहीं!" आणि इथून पुढे मी ते सगळं बोलले, ज्याची वर कबुली दिली आहे. बाहेरून आलेल्यांना फसवता, जास्त फिरवता, आम्हीही गुजरात बॉर्डरवरचे आहोत, आम्हाला सगळे धंदे कळतात, वगैरे. गर्दी जमली. दुसरे दोन रिक्षावाले आले. त्यांनीही मान हलवली, तर मी त्यांना या कटात सामील करून घेतलं. शेवटी रागारागाने मॅनेजरलाच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. (ही माझी दुसरी चूक.)

"ताई! कुठवर आलायसा? जेवण तयार हाय. तांबडा-पांढरा दोनी केलाय."

"आम्ही जेट्टीवर उभे आहोत! इथल्या एकालाही तुमचं हॉटेल माहीत नाही!"

"जेट्टीवर? म्हंजे धरणाच्या अंगाला गेलायसा व्हय?"

"कुठलं धरण?"

"आता धरण एकच हाय की हितं. गाडी कुठली हाय तुमची?"

"गाडी कसली? आम्ही बोटीने आलो!"

 मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, बोटिंग बंद हाय चार महिनं झालं."

"समुद्र किती लांब आहे तुमच्यापासून?" मी विचारलं. 

"समुद्र? समुद्राला घाट उतरून कोकणात जावं लागतंय. हे राधानगरी, ताई. जिल्हा कोल्हापूर. हितं गवं असत्यात."

राधानगर नाही. राधानगरी! एका वेलांटीपायी मी आख्खा बंगालचा उपसागर ओलांडून चुकीच्या ठिकाणी आले होते. म्हणजे ठिकाण बरोबर होतं, खोली चुकीच्या ठिकाणी होती! रिक्षावाल्याला मराठी येत नव्हती, पण 'कोल्हापूर' त्याला कळलं. तो हसला नाही. मला पाणी दिलं. त्याचा मला आणखीच राग आला.

सुट्टीचे दिवस. चार-पाच हॉटेलांना फोन लावले, सगळी भरलेली. परतीची बोटही भरलेली. पूजाला फोन केला तर ती आधी दोन मिनिटं नुसती हसली आणि मग, "आई, मी म्हटलं होतं ना," असं म्हणाली. (स्वतःच्या पोटच्या पोरीने!) मी बॅगेवर बसले आणि चक्क रडायला लागले. इतक्या वर्षांनी निघालो, आणि मायसारख्या म्हाताऱ्या बाईला मी कुठल्या कुठे आणून उघड्यावर बसवलं होतं. ह्यांनी काही म्हणावं, ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं. बरं वाटलं असतं.

हे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "रडू नको वं. चिड. तू चिडस तव्हय माले बरं वाटस."

"कोणावर चिडू?" मी हुंदके देत विचारलं. "कोणी उरलं आहे का?"

"मन्हावर चिड. मी शे ना."

मी डोळे पुसून त्यांच्यावर चिडायला सुरुवात करणार, एवढ्यात लक्षात आलं, माय जागेवर नाहीत! जेट्टीवर शोधाशोध. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी तर पाण्यातच बघायला लागले. तेवढ्यात जेट्टीच्या फाटकातून हाक आली, "अवं, चाला! कितला येळ?" माय त्या बंगाली बाईच्या स्कूटीवर मागे बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, पदर खोचलेला.

"कुठे निघालात, माय?"

"इन्हा घर. खोली शे म्हने रिकामी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बोटमा सांगं ना तिनी!" माय वैतागून म्हणाल्या. "तुले कव्हयशी सांगी ऱ्हायनू, तू रिक्षावालासंगे भांडी ऱ्हायनी."

त्या बाईचं घर किनाऱ्याला लागूनच निघालं. नारळाची झाडं, अंगणाला पोफळीचं कुंपण, आणि पन्नास पावलांवर समुद्र. पांढरी वाळू! मी पायातल्या चपला काढल्या आणि नुसती उभी राहिले. फळ्यावरचा निळा खडू त्या निळ्याच्या पासंगालाही पुरणार नव्हता. त्या संध्याकाळी मी कोणावरही चिडले नाही. ह्यांनी मला दोनदा विचारलं, ताप आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास आम्ही अंघोळीचे कपडे घालून, माय नऊवारीत, टॉवेल खांद्यावर टाकून किनाऱ्यावर गेलो. समुद्र नव्हता! खरंच नव्हता. नुसता चिखल, खडक, शेवाळ, आणि लांब कुठेतरी निळी रेघ.

"समुद्र कठे गया?" मायने माझ्याकडे बघून विचारलं. जणू मीच कुठेतरी ठेवून दिला होता!

माझा पारा चढला. मी तरातरा परत गेले. बाईचा नवरा झाडाखाली जाळं विणत बसला होता. मी हिंदीत तोफ डागली. काल संध्याकाळी होता, आज कुठे गेला? आम्ही इतक्या लांबून येतो, कोणी सांगायला नको? असं अर्धं दाखवायचं आणि अर्धं झाकायचं, ही काय पद्धत झाली?

त्या माणसाने जाळं बाजूला ठेवलं. एक मोठा नारळ घेतला, एक छोटी सुपारी घेतली. "मॅडम, बैठिए. ये समझो पृथ्वी. ये समझो चाँद..." आणि त्याने मला अत्यंत शांतपणे, उदाहरणासकट, ओहोटी समजावून सांगितली. सातवीच्या वर्गाला मी दरवर्षी सांगते तीच. खडूने गोल काढून, बाण दाखवून, वर परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून! त्याचं शिकवणं माझ्यापेक्षा चांगलं होतं.

संपवून त्याने कौतुकाने विचारलं, "मॅडम, आप क्या काम करती हैं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आकाशाकडे बघत होते.

"हमारी पोल्ट्री है," मी म्हणाले.

ह्यांना इतकं हसू फुटलं की ते वाळूत बसले. सत्तावीस वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला त्याचाही राग आला, पण तो टिकला नाही. दुपारी पाणी परत आलं. माय नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाण्यात बसून राहिल्या आणि लाट आली की तिला शिव्या देऊ लागल्या. बाहेर यायलाच तयार होईनात.

घरी येऊन महिना होत नाही तोच पुढच्या सुट्टीची बैठक बसली. ती माझ्या पाठीमागे बसली, हे विशेष! मी शाळेतून आले तर माय आणि हे ओट्यावर, पूजा फोनवर, आणि मधोमध माझीच वही.

"हे काय चाललं आहे?" मी विचारलं.

हे म्हणाले, "अवं, ऐक. जागा आम्ही ठरावसूत. बुकिंग पूजा करी."

"आणि मी?"

"तू फक्त चिडाले ये," माय म्हणाल्या. "तुन्हाबिगर मजा नही येस."

मी भयंकर चिडले. तासभर शुद्ध प्रमाण मराठीत बोलले. आणि मग आत जाऊन बॅग भरायला घेतली. कुठे जायचं आहे, हे मात्र अजून मला कोणी सांगितलेलं नाही.