नदी सुरयची तीन अंडी

निसर्गाच्या सान्निध्यात माणसाचा अहंकार गळून पडतो, असं म्हणतात. माझा पडला नाही. तापीकाठच्या पहिल्याच फेरीत मला 'पक्षीतज्ज्ञ' म्हणून हाक मारण्यात आली आणि मी ती दुरुस्त केली नाही.

तसे तज्ज्ञ आम्ही दोघं होतो. मेहरूण तलावाच्या काठी रोज सकाळी चालणारे दोन निवृत्त. शेजारचे आबा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, त्यांच्याकडे दुर्बीण होती. माझ्याकडे पक्ष्यांचं पुस्तक होतं. तलावावरची बदकं पाठ झाल्यावर आम्ही गावाबाहेर पडू लागलो. पद्मालयाच्या तळ्यातली कमळं पाहून आलो. यावलच्या जंगलात एक दिवस घालवला, तिथे आम्हाला वाघाची पाटी दिसली. मग कोणीतरी तापीवरच्या एका धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या फुगवट्याबद्दल सांगितलं आणि एका मार्चमध्ये आम्ही तिथे पोहोचलो.

खानदेशला समुद्र नाही. ही उणीव तिथल्या पर्यटन समितीने लोखंडी कमान उभारून भरून काढली होती. 'खानदेशचा सागरकिनारा', वर दोन डॉल्फिन. कमानीखाली शेळ्या सावलीला बसल्या होत्या.

कमान ओलांडली आणि मी जागीच थांबलो. पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी उतरून उघड्या पडलेल्या गाळावर पक्षी इतके, की आधी मला ती जमीनच हलते आहे असं वाटलं. साठी ओलांडलेला, बरीच पुस्तकं वाचलेला माणूस, आणि घरापासून दीड तासावर हे आहे याची मला कल्पना नव्हती. आबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ ती उलटी धरल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

तिथे आम्हाला नाना भेटले. सत्तरीचे मच्छीमार. त्यांचं मूळ गाव याच पाण्याखाली गेलेलं. नवं गाव काठावर वसलं. आम्हाला ते होडीतून फिरवायचे. शहरातल्या माणसांशी ते आमच्यासारखं बोलायचे, पण मनातलं आलं की अहिराणीत.

तिसऱ्या फेरीला मनातलं आलं. गावाच्या होड्या लागतात आणि जाळी वाळतात, नेमका त्याच घाटावर समितीला बोटिंगसाठी काँक्रीटचा रॅम्प हवा होता. जिल्ह्याचे मोठे साहेब जागा बघायला येणार होते.

"मंग आमच्या होड्या कुठे लावायच्या? कमानीवर?" नाना म्हणाले. "समितीचा पोरगा म्हणतो, नाना, तुम्ही बी लाइफ जॅकेट घाला, पर्यटक बसवा. मी म्हटलं, बाबा, मी मासा धरतो, तो काही फोटो काढत नही."

नाल्यापलीकडे दुसरी जागा होती. रॅम्प तिकडे न्यायचा तर त्यासाठी काहीतरी कारण लागत होतं. नानांनी ऐकलं होतं की दुर्मीळ पक्ष्याची वीण असेल तर साहेब लोक काम थांबवतात.

"अशी वीण शे," ते म्हणाले. "पन मी सांगसू तर कोन आयकी? तुम्ही शिकेल मानसं. तुम्ही सांगा."

तज्ज्ञपद मी दुरुस्त न केल्याचा हा परिणाम होता.

एप्रिलच्या एका सकाळी नाना आम्हाला ती वीण दाखवायला घेऊन गेले. घाटाला लागूनच भेगाळलेला गाळ, वर गोटे, सावलीचं नाव नाही. मी पुढे चालत होतो.

"उभा ऱ्हा भाऊ! पाय नका हलाडू!"

मी एका पायावर थिजलो.

"काय आहे? साप?"

"आंडा शेतस. तुमच्या बुटाखाली येत होती."

मी खाली पाहिलं. मला गोटे दिसले. आबांनाही गोटेच दिसले. नानांनी वाकून बोट अगदी जवळ नेलं, तेव्हा तीन गोट्यांवरचे तपकिरी ठिपके जरा जास्त नीटनेटके वाटले. पुस्तक काढून पाहिलं: नदी सुरय. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, नदीकाठच्या उघड्या जमिनीवर अंडी. सगळीकडून कमी होत चाललेला पक्षी. तो आता डोक्यावर घिरट्या घालत आम्हाला शिव्या देत होता. एका पावलाने मी नानांचा घाट घालवला असता.

म्हणूनच पुढची सूचना मी केली. खूण हवी. कोणी चुकून पाय देईल.

"खूण कसाले?" नाना म्हणाले. "तिले ठावं शे. मले ठावं शे. बस झालं."

मी ऐकलं नाही. आसपासचे गोटे वेचून घरट्याभोवती, दोन हात अंतर ठेवून, रिंगण मांडलं. एकसारख्या आकाराचे गोटे, सारख्या अंतरावर. आबा म्हणाले, "वा! सरकारी काम वाटतंय."

ते तसंच वाटत होतं, हीच अडचण झाली.

साहेब येणार होते त्या दिवशी आम्ही आठालाच पोहोचलो. कमानीपासून पाण्यापर्यंत सगळं बदललं होतं. बाभळींच्या खोडांना खाली गेरू, वर चुना. रस्त्याच्या दोन्ही कडांचे दगड पांढरे. मोठा माणूस येणार असला की आपल्याकडे जे दगड ओळीत असतात त्यांना चुना मारतात. हे कोणाला सांगावं लागत नाही. समितीच्या मुकादमाच्या माणसांनी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन पहाटेपासून हेच केलं होतं. काठापर्यंत आल्यावर त्यांना गाळात आणखी एक रिंगण दिसलं.

मला लांबूनच ते दिसलं. पांढरंशुभ्र. मी पळालो, किती वर्षांनी पळालो ते आठवत नाही. रिंगण पांढरं होतं, रिंगणातली जमीन पांढरी होती, आणि मधोमध तीन अंडी पांढरी होती. चुना अजून ओला होता.

नाना मागून आले, पाहिलं आणि उकिडवे बसले.

मुकादम लगबगीने आला. "काही राहिलं का भाऊ?"

"हे काय केलं?" मी ओरडलो. "ही अंडी आहेत!"

त्याने वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "आयला. आम्हाले वाटलं, तुम्ही साहेबांसाठी डिझाइन मांडली."

मी खिशातून रुमाल काढला. नानांनी माझं मनगट धरलं.

"हात नका लावू. चुना अजून फासला जाईल. आनि मानसाची गर्दी बघीसन ती येवाव नही." मग स्वतःशीच म्हणाले, "आंड्याले बी हवा लागस. कवचातून."

आम्ही तिघं मागे सरून बाभळीखाली बसलो. मी रिंगण मांडलं होतं, हे नाना एकदाही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

अर्ध्या तासाने पक्षी उतरला. अंड्यांपाशी उभा राहून त्याने मान वाकडी केली. मग उडाला, पाण्यावर गेला, पोट भिजवलं, परत आला आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसला. उन्हाळ्यात ते असंच करतात, अंडी थंड ठेवायला. पुन्हा उडाला, पुन्हा भिजून आला. आबांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि कुजबुजले, "एका अंड्यावर दोन-चार ठिपके दिसायला लागले."

नानांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

साहेब नऊला येणार होते, बारा वाजता आले. मागे समिती, फोटोग्राफर, शाल, नारळ. समितीचे अध्यक्ष रॅम्पची जागा दाखवू लागले. नाना हात जोडून पुढे झाले, पण त्यांचं बोलणं कोणापर्यंत पोहोचेना. मग मी घसा साफ केला आणि इथे एका दुर्मीळ पक्ष्याची अंडी असल्याचं सांगितलं.

"कुठे?" साहेब म्हणाले.

गर्दी पाहून पक्षी उडाला होता, अंडी उघडी होती. आबांनी दुर्बीण दिली. साहेबांनी ती सुलटी धरली, हे मान्य केलं पाहिजे.

"ती पांढरी? रिंगणातली?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी नानांकडे.

"दिसली, दिसली. अगदी स्पष्ट." त्यांनी दुर्बीण खाली केली. "अंडीच आहेत की! कोंबडीच्या अंड्यांपेक्षा थोडी लहान."

पांढरी का, असं त्यांनी विचारलं नाही. बरोबरच्या पंचवीस माणसांपैकीही कोणी विचारलं नाही. दुकानात मिळणारं अंडं पांढरं असतं, हे पांढरं होतं. आबांनी खुलाशासाठी तोंड उघडलं. नानांनी त्यांचा पाय दाबला.

मला त्या क्षणी जे कळलं त्याने मी सकाळपेक्षा जास्त हादरलो. चुना नसता तर साहेबांना गोटे दिसले असते. त्यांनी ऐकून घेतलं असतं, मान डोलावली असती आणि गोट्यांवरून चालत रॅम्पची जागा बघायला गेले असते.

"रॅम्प नाल्यापलीकडे घ्या," साहेब अध्यक्षांना म्हणाले. "इथे संरक्षित क्षेत्राचा फलक लावा."

टाळ्या पडल्या. परत उतरू पाहणारा पक्षी त्या आवाजाने पुन्हा लांब उडाला.

गर्दी पांगल्यावर मी नानांना म्हटलं, "नाना, घाट वाचला तुमचा."

"वाचला," ते म्हणाले. ते घरट्याकडे बघत होते. "ती बसनी का, दखा बरं दुर्बिनीमा."

ती बसली होती.

महिन्याभरात फलक लागला: 'संरक्षित पक्षी प्रजनन क्षेत्र. शांतता राखा.' रॅम्प नाल्यापलीकडे झाला. जाळी पूर्वीच्याच जागी वाळतात.

नदी सुरय त्या अंड्यांवर मे अर्धा सरेपर्यंत बसून होती. त्यांतून काही निघालं नाही.