सेक्रेटरीसाहेबांचं स्वयंपाकघर

मोकळ्या प्लॉटवर पाय ठेवण्याआधी ते चपला काढायचे. तिथं खडक, काटे आणि तरवडाची झुडपं यांशिवाय काही नसायचं. सोबतचे सभासद बूट घालून खुशाल हिंडायचे आणि हे एका पायावर उभे राहून तळव्यातला काटा काढायचे. कोणी हसलं तर म्हणायचे, "उद्या इथं कोणाचं तरी देवघर असेल हौ."

आमच्या गृहनिर्माण संस्थेचे ते सेक्रेटरी. त्यांचं नाव सांगत नाही, कारण आम्हीही ते कधी घेतलं नाही. सगळे 'साहेब'च म्हणायचे. काचीगुड्यात एका जिन्याखालच्या खोलीत संस्थेचं ऑफिस होतं आणि मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. तेव्हा आम्ही गौलीगुड्यात दोन खोल्यांत सात माणसं राहत होतो. संस्थेनं कुकटपल्लीच्या पलीकडं माळ घेतला, तेव्हा "तिकडं कोल्हे राहतात" असं सासूबाईंनी बजावलं होतं. साहेबांनी स्वतः टेप धरून एकेक प्लॉट मोजून दिला. टेपला दोन माणसं हवीत, हा त्यांचा नियम. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं ज्याचा प्लॉट त्याच्या हातात. मग उद्या तक्रार नको.

दुसरा नियम याहून कडक होता. सभासदाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. "पाणी प्यालं की टेप वाकडा होतो," म्हणायचे. वास्तुशांतीला यायचे, फाटकातूनच नमस्कार करायचे आणि आपल्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी पिऊन परतायचे. बायका चिडायच्या. आमच्या वास्तुशांतीला मीही चिडले होते. ज्या माणसामुळं घर झालं त्यानं उंबरठाही ओलांडू नये, याला काय म्हणायचं?

एक कॉलनी झाली, मग दुसरी, तिसरी. पुढं संस्थेनं टॉवर बांधले आणि पुण्या-मुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं सभासद झाली. एकानं फोनवर विचारलं, "काका, सोयी काय काय आहेत?" साहेब म्हणाले, "पाणी आहे, शेजारी आहेत. आणखी काय पाहिजे?" त्या मुलानं फ्लॅट घेतला आणि आता तोच सभेत सर्वांत जास्त बोलतो.

एवढं सगळं झालं, पण आम्ही राहायचो त्या पहिल्या कॉलनीतला सार्वजनिक हॉल राहून गेला होता. साहेबांच्या घराला लागूनच त्याची जागा होती. म्हातारी माणसं वाट बघून थकली, तेव्हा कुठं परवानगी आली. नवीन इंजिनिअरनं मोजणी केली आणि दोनदा चष्मा पुसला. साहेबांचं स्वयंपाकघर हॉलच्या जागेत चार फूट आलं होतं.

"पुन्हा मोजा," साहेब म्हणाले. तीनदा मोजलं. दुसरं टोक मीच धरलं होतं.

मग त्यांना आठवलं. स्वतःच्या प्लॉटसाठी सभासदाला कशाला राबवायचं, म्हणून त्यांनी एकट्यानंच मोजणी केली होती आणि टेपचं टोक सीताफळाच्या झुडपाला बांधलं होतं. खुणेचा दगड झुडपाच्या चार फूट अलीकडं होता. जन्मभर सगळ्यांना सरळ मोजून दिलं आणि स्वतःच्याच घरी चूक झाली. त्यांचा चेहरा मला बघवेना.

ही गोष्ट आम्हा तिघांतच राहिली असती. त्यांनी ती सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितली आणि स्वयंपाकघर पाडण्याचा ठराव मांडला. सभेनं तो हसत हसत फेटाळला. हॉल चार फूट लहान बांधू, असं ठरलं. साहेबांनी आपल्या सुबक अक्षरात इतिवृत्त लिहिलं आणि खाली नोंदवलं : सेक्रेटरींचा विरोध.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाडधाड आवाज आला. मी धावत गेले तर साहेब नुसत्या बनियनमध्ये भिंतीवर घण घालत होते आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, शांतपणे डबे व्हरांड्यात आणून ठेवत होत्या.

"काकू, तुम्ही तरी सांगा!"

"अगं, लग्नापासून पहिल्यांदा घरातलं एक काम हातात घेतलंय. करू दे की."

भिंत पडली. सभासदांनी मग वाद घातला नाही, मागच्या अंगणात नवं स्वयंपाकघर बांधायला घेतलं. काकूंनी मात्र एक अट घातली. "मी तीन दगडांवर रांधणार नाही. डबाही नक्को. लोक बोलावतील तिथं जायचं आणि जेवायचं."

पहिला मान मी घेतला. साहेब दारात बाटली घेऊन उभे राहिले. काकूंनी ती हातातून काढून घेतली. ते आत आले, भिंतींकडं, खिडक्यांकडं बघत राहिले. त्यांनी इथं नुसता खडक बघितला होता.

"खिडकी उत्तरेला ठेवलीत? बरं केलंत," म्हणाले. पाणी प्याले आणि भांडं पुन्हा पुढं केलं. खट्टी दाळ आणि भाकरी मागून घेऊन खाल्ली. मला रडू येत होतं.

गेल्या वर्षी ते गेले. शोकसभा हॉलमध्येच झाली, पुऱ्या मापाच्या हॉलमध्ये. वक्त्यांनी कॉलन्या मोजल्या, टॉवर मोजले. मी बोलले नाही, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखी फक्त एक लबाडीच होती.

नवं स्वयंपाकघर दीड महिन्यातच तयार झालं होतं. पण तोवर साहेबांचं जेवण कॉलनीतल्या निम्म्या घरांतसुद्धा झालं नव्हतं आणि ज्यांची पाळी यायची होती ते माझ्याशी भांडत होते. म्हणून आम्ही मिस्त्रीला पढवलं आणि साहेबांना सांगत राहिलो, "प्लास्टर अजून ओलं आहे." दोन महिने सांगितलं, तीन महिने सांगितलं, भर मे महिन्यात सांगितलं.

प्लास्टर किती दिवसांत वाळतं, हे त्या माणसाला आम्ही सांगणार होतो! पण त्यांनी एकदाही तिकडं जाऊन भिंतीला हात लावून पाहिला नाही. रोज अकराच्या सुमाराला इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात येऊन बसायचे आणि मला विचारायचे, "बाई, आज कोणाकडं?"