सेविकेचे मूल

माझं तोंड वाईट आहे, हे माझ्या बीटातल्या चोवीसही अंगणवाड्यांना माहीत आहे. मी मुख्यसेविका. म्हणजे गावोगावच्या सेविका काम करतात की नाही ते बघायचं, त्यांच्या वह्या तपासायच्या आणि वरून बसलेली बोलणी खाली पोचवायची. बावीस वर्षं धुळ्याहून स्कूटीवर फिरते आहे. माझ्या बोलण्याने आजवर कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी मागच्या वर्षापर्यंत हसत हसत सांगायचे. आता सांगवत नाही.

कोकिळाची अंगणवाडी बीटातली शेवटची. डांबरी रस्ता संपतो, मग कपाशीची शेतं, मग पाण्याची टाकी आणि टाकीच्या पायथ्याशी दोन खोल्या. कोकिळा एकोणतीस वर्षांची, अंगाने काडी, कामाला चपळ. तिच्या वह्या मी मीटिंगमध्ये बाकीच्या सेविकांना दाखवायला न्यायचे. लग्नाला आठ वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. त्या आठ वर्षांत तिने गावातली सगळी लेकरं महिन्याच्या महिन्याला काट्याच्या झोळीत टांगली, त्यांचे किलो-ग्रॅम वहीत उतरवले, आणि बायका मागे काय बोलतात ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग हितेश झाला. पेढे द्यायला ती बाळंतपणाच्या रजेतच, सव्वा महिना संपल्या संपल्या, ऑफिसात आली होती. मी तिला म्हटलं, अगं, जरा घरी बस की. ती म्हणाली, "मॅडम, बसवतच नाही. सगळ्यांना दाखवत सुटावंसं वाटतं."

सहा महिन्यांची रजा संपली आणि ती पोराला घेऊनच कामावर आली. नवरा गिरधर सुरतेला कापडाच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा येणारा. घरी सासू सुंदरबाई, गुडघ्यांनी जायबंदी. कोकिळाने खिडकीच्या गजाला साडीचा झोका बांधला. एका हाताने झोका हलवायची, दुसऱ्या हाताने मुलांना गाणी म्हणायला लावायची. बारा वाजता मदतनीस खिचडी वाढायला लागली की ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून हितेशला पाजायची. पंधरा मिनिटं. जास्त नाही.

तेवढ्यावर गावातल्या कुणीतरी ऑफिसला तक्रार केली. सेविका दिवसभर स्वतःच्याच पोराला पाजत बसते, सरकारी खाऊ त्यालाच घालते, असं त्या कागदात होतं. खाऊ म्हणे. त्या पोराला अजून दात नव्हते. पण मला फोन आला आणि मी गेले. हितेश चटईवर पालथा पडून खडूचा तुकडा पकडायचा प्रयत्न करत होता. मी भेटवही काढली आणि बावीस वर्षांच्या सवयीने लिहिलं, 'सेविकेचे मूल अंगणवाडीत आढळले. समज दिली.' खाली तिची सही घेतली. तोंडी म्हटलं, "कोकिळा, लोकांना बोलायला जागा देऊ नकोस. पोराला घरी ठेव."

ती "हो मॅडम" म्हणाली. मला वाटलं, चला, विषय मिटला. येताना कुणाच्या तरी शेतातली वांगी बांधून मिळाली, ती घेऊन मी घरी आले. माझी दोन्ही मुलं माझ्या आईने वाढवली. त्यामुळे पोराला घरी ठेव म्हणजे नेमकं कुणाकडे आणि कसं, हा प्रश्न मला पडलाच नाही.

पुढचं मला नंतर कळलं. बरंचसं कोकिळाकडून, थोडं सुंदरबाईंकडून.

कोकिळा पहाटे उठून डाळ-तांदूळ मऊ शिजवायची, त्यात चमचाभर तेल घालून घोटायची आणि वाटीवर झाकण ठेवून कामाला जायची. तान्ह्या बाळाला सहा महिन्यांनंतर दिवसातून किती वेळा, किती घट्ट, काय द्यायचं, हे ती गावातल्या बायकांना झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण पहिल्याच आठवड्यात तो घास हितेशच्या घशात अडकला आणि ठसक्याने तो लालनिळा झाला. सुंदरबाईंना उठून पाणी आणेपर्यंत घाम फुटला. त्या दिवसापासून त्या भ्यायल्या. चहात बुडवलेलं बिस्किट कसं सरसर उतरतं. मग तेच. वाटीतलं अन्न दुपारी कोंबड्यांना जायचं. बाई वाईट नव्हती. एकटीच्या हातात नातू दगावला तर सुनेला काय तोंड दाखवू, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

कोकिळा बाराला धावत घरी यायची. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. तोवर बिस्किटाने पोराचं पोट भरलेलं, तो तोंड फिरवायचा. दुपारी मग गरोदर बायकांच्या घरी भेटी, फोनवर फोटो चढवणं, मतदारयादीचं काम, कुठला ना कुठला सर्व्हे. लोकांच्या ओट्यावर बसून माहिती विचारताना तिचं दूध वाहायचं. ब्लाउजच्या आत ती जुन्या टॉवेलच्या घड्या घालायची आणि वरून पदर ओढून घ्यायची. दोन महिन्यांत घड्यांची गरज उरली नाही. त्या दिवशी ती रडली, असं तिने मला सांगितलं. दूध वाहत होतं तेव्हा लाज वाटायची आणि थांबलं तेव्हा रडू आलं.

संध्याकाळी मात्र ती पोराला सोडत नसे. त्याला टाळी वाजवता यायला लागली होती. ती दारात दिसली की तो दोन्ही हात एकमेकांवर आपटायचा, अर्ध्या वेळा चुकायचा. तिच्या फोनमध्ये त्याचे बत्तीस व्हिडिओ होते. मीटिंगमध्ये मलाही तिने एक दाखवला. मी कौतुक केलं. पोराने पूर्ण बाह्यांचं जाड झबलं घातलं होतं आणि महिना मार्चचा होता. तेव्हा मला काही खटकलं नाही.

हितेशला आठवा महिना लागल्यावर एकदा तिने दार लावून त्याला काट्यात घातलं. सहा किलो चारशे. आदल्या महिन्यात सहा आठशे होतं. तिने काटा हलवून पुन्हा बघितलं आणि वहीत लिहिलं, सहा नऊशे.

असं का केलंस, हे मी तिला कधीच विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत आहे. वजन आणि दंडाचा घेर फार कमी भरला की मूल आमच्या कागदांवर लाल होतं, आणि लाल मुलामागे आम्हाला दहा प्रश्न येतात. त्या वर्षीच्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, यंदा माझ्या बीटात एकही लाल नको. कोकिळाच्या गावात नाही, तर तुमच्याकडे कसे निघतात? ती तिसऱ्या रांगेत बसली होती. सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं होतं. तिने स्वतःचंच मूल लाल लिहायचं होतं, आठ वर्षांनी झालेलं.

त्यानंतर तिने त्याचं वजन केलंच नाही. आमच्याकडे जुन्या बायका म्हणतात की तान्ह्याला काट्यावर घालू नये, नजर लागते. या एका समजुतीशी कोकिळा नऊ वर्षं भांडली होती. दारोदार जाऊन सांगायची की काट्याला डोळे नसतात. आता सुंदरबाई म्हणाल्या, "तोली तोली लेकरू सुकस वं माय. राहू दे." आणि कोकिळाने राहू दिलं. ती समजूत तिला खरी वाटत नव्हती, पण सोयीची वाटली. दर महिन्याला ती अंदाजाने आकडा लिहीत गेली, आणि पुढच्या महिन्यात वाढेल, मग बरोबर होईल, असं मनाशी म्हणत राहिली.

मला कळलं ते एका रविवारी, घरी मटार सोलता सोलता. समोर अहवाल पसरले होते. कोकिळाच्या गावातली सगळी मुलं आपापल्या परीने वेडीवाकडी वाढत होती. कुणी जुलाबात घटलेलं, कुणी दात येताना अडकलेलं. एकच मूल शहाण्यासारखं वाढत होतं. सहा नऊशे, सात शंभर, सात तीनशे, सात पाचशे. दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅम. बावीस वर्षं मी हे आकडे बघते आहे, खरं लेकरू असं वाढत नाही. मी नाव वाचलं. हितेश. मागच्या चार भेटींत मी त्या पोराला बघितलंच नव्हतं. कधी तो घरी झोपलेला असायचा, कधी मामाकडे गेलेला. आणि चारही महिन्यांच्या अहवालाखाली माझी सही होती.

वजनाच्या दिवशी मी न कळवता गेले. छताच्या कडीला काटा टांगलेला, खाली झोळी, सात-आठ बायका लेकरं घेऊन बसलेल्या. मला बघून कोकिळाचा चेहरा उतरला, पण हात थांबले नाहीत. आमच्याकडे पद्धत आहे की सेविकेने आकडा मोठ्याने म्हणायचा, आईला ऐकू जाईल असा. ती म्हणत होती, मदतनीस लिहीत होती.

भाविका नावाची नवीन आई पोरीला छातीशी धरून बसली होती. पोर काट्यावर घालायची नाही, सासूने शपथ घातली आहे, असं तिचं म्हणणं. कोकिळाने तिला नेहमीचं समजावलं, आवाज मात्र नेहमीचा नव्हता. भाविका ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्हना आंडोरले आम्ही कधी काट्यावर दखं नही. पहिले त्याले तोला, मंग मनी पोर."

आंडोर म्हणजे मुलगा, हितेश. कोकिळाने माझ्याकडे बघितलं. हे आपण नंतर घरी जाऊन करू, एवढं म्हणून मी तिला सोडवू शकत होते. आयुष्यभर नको तिथे चाललेलं माझं तोंड त्या वेळी उघडलं नाही. तो झोपलाय, असं ती हळूच म्हणाली. भाविका म्हणाली, आम्ही थांबतो.

कोकिळाने वही माझ्या मांडीवर ठेवली आणि गेली. वीस मिनिटांनी आली तेव्हा हितेश तिच्या कडेवर होता, टोपडं, पूर्ण बाह्या, पायांत मोजे. मागून सुंदरबाई काठी टेकत, पुटपुटत. कोकिळा चटईवर बसली आणि एकेक कपडा काढायला लागली. ती मोजे काढत होती, तेव्हाच बायकांच्या नजरा खाली गेल्या. मी बघत राहिले. बघणं हे माझं काम होतं आणि ते मी चार महिने केलं नव्हतं. दंड माझ्या अंगठ्याएवढे. मांड्यांची कातडी लोंबत होती.

तिने त्याला झोळीत ठेवलं आणि हात सोडले. झोळी झुलली तसा तो हसला. त्याला तो झोका वाटला असणार, खिडकीतल्या झोक्यासारखा. हसत हसत त्याने टाळी वाजवली, चुकली, पुन्हा वाजवली.

"पाच किलो नऊशे," कोकिळा मोठ्याने म्हणाली. मदतनीस लिहीना. तिने पुन्हा म्हटलं. मग त्याला उतरवून दंडाला पट्टी लावली, ओढली, आणि पट्टीवरची लाल खूण सगळ्यांना दिसेल अशी धरली. "मना आंडोर लाल शे. वहीमा मी खोटं लिखेल व्हतं."

सुंदरबाई भिंतीला धरून खाली बसल्या. भाविका उठली, पोरीचं झबलं काढलं आणि तिला झोळीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने कोकिळा हितेशला घेऊन धुळ्याला आली. सरकारी दवाखान्यात अशा मुलांचा वेगळा वॉर्ड असतो. चौदा दिवस राहावं लागतं, आईनेही. पहिले तीन दिवस डॉक्टर नक्की काही सांगत नव्हते. पोर हसायचंही थांबलं होतं. कोकिळा खाटेच्या कडेवर बसून चमच्याने औषधी दूध पाजायची, अर्धं बाहेर यायचं, ती पुसायची आणि पुन्हा पाजायची. गिरधर सुरतेहून आला, बाहेरच्या बाकावर बसून राहिला. तो बायकोला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली.

सहाव्या दिवशी मी गेले तेव्हा हितेश तिच्या मांडीवर बसून चमचा ओढत होता. त्याचं वजन दीडशे ग्रॅमने वाढलं होतं. मी तिच्या तब्येतीचं विचारलं.

"मॅडम, रजा संपल्यापासून पहिल्यांदाच मी याच्याजवळ सहा दिवस सलग आहे," ती म्हणाली. मग पोराच्या डोक्यावरून हात फिरवला. "पंधराव्या दिवशी घरी सोडतील. सोळाव्या दिवशी याला कुठं ठेवू, तेवढं सांगा."

मी धुळ्यात राहते, मला दवाखान्यातून घर दहा मिनिटांवर आहे. त्या दिवशी पोचायला मला दीड तास लागला. कुठे फिरत होते ते आठवत नाही.

नोटिसा दोघींना आल्या. तिला खोटे आकडे लिहिल्याबद्दल, मला ते न तपासल्याबद्दल. उत्तरं दिली आहेत, निकाल अजून यायचा आहे. कदाचित तिचं काम जाईल. आठ वर्षं मूल नव्हतं तेव्हा याच कामाने मला उभं धरलं, असं ती म्हणते.

पुढच्या महिन्यात मी त्या अंगणवाडीत गेले. खिडकीच्या गजाला झोका बांधलेला होता. कोकिळाने मला बघितलं आणि झोका हलवायचा थांबवला, पण सोडला नाही. मी भेटवही मागितली. मागची पानं उलटली तर माझंच ते वाक्य समोर आलं, तिच्या सहीसकट. मी नवीन पान काढलं आणि लिहिलं, 'सेविकेचे मूल अंगणवाडीत आढळले. समक्ष वजन केले. सहा किलो सातशे. अजून लाल. मूल माझ्या सांगण्यावरून येथेच राहील.'

ती सहीसाठी पुढे आली. मी तिला पेन दिलं नाही, खाली एकटीनेच सही केली.